निरोप कुणाच्या हाती द्यायचा?

"वाचनाचा सराव घरी घ्यावा." लाल शाईतलं हे वाक्य, खाली सही आणि तारीख. तीस वर्षांच्या नोकरीत मी ते किती वह्यांत लिहिलं असेल, त्याची मोजदाद नाही. दापोली तालुक्यात बंदराजवळच्या एका जिल्हा परिषद शाळेत असताना तिसरीतल्या एका मुलाच्या वहीत मी ते लागोपाठ चार शनिवार लिहिलं. पाचव्या आठवड्यात त्याची आजी शाळेत आली, ती आधार कार्डाची झेरॉक्स द्यायला. आलीच आहे तर बोलून घ्यावं म्हणून मी वही तिच्यापुढे धरली. तिने आधी पदराला हात पुसले, मग वही घेतली, लाल अक्षरांवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "मी रोज इचारते बाई, बाईंनी काय लिवलंय रं? तर सांगतो, छान लिवलंय. लाल शाय म्हंजे छानच ना?"

मुलाचा मला राग आला नाही. जिला अक्षरओळख नाही तिला मी लेखी सूचना पाठवत होते की नातवाकडून वाचन करून घ्या. आणि ती सूचना वाचून दाखवण्याचं काम, ज्याच्याबद्दल तक्रार होती त्याच्याच गळ्यात टाकलं होतं. माझ्या हिशेबी घरी कळवून झालं होतं. चार वेळा, तारखेनिशी.

पालकांना शाळेत सामील करून घ्या, असं परिपत्रकांतून, प्रशिक्षणांतून, केंद्रसंमेलनांतून आम्ही आयुष्यभर ऐकलं. काय कळवायचं, किती वेळा कळवायचं, कुठल्या नमुन्यात नोंद ठेवायची, यावर तासन् तास बोलणं व्हायचं. निरोप कुणाच्या हाती द्यायचा हे मात्र कुणी विचारलं नाही, मीही नाही. कोकणपट्टीवर सगळं याच एका प्रश्नाशी अडतं असं माझं ठाम मत झालं आहे. मूल संध्याकाळी ज्याच्या शेजारी बसून जेवतं, त्या माणसाशी शाळेचं बोलणं आहे का? नसेल, तर पालकसभांची इतिवृत्तं कितीही नीट लिहिलेली असोत, त्या मुलाच्या घरापर्यंत शाळा पोचलेलीच नाही.

त्या मुलाचं घर असं होतं. बाप ट्रॉलरवर खलाशी. एकदा बोट बाहेर पडली की आठ-आठ दिवस समुद्रात. आई हर्णै बंदरावर लिलावात मासळी घेऊन गावोगाव विकणारी. पाटी डोक्यावर घेऊन ती बाहेर पडायची ती दुपारी परत, जेवून पुन्हा संध्याकाळच्या लिलावाला. घरात उरली आजी. मुलाला उठवणं, अंघोळ, डबा, आजारपण, रात्रीची गोष्ट, सगळं तिच्याकडे. आणि शाळेच्या दाखल्यावर, प्रगतिपत्रकावर, मोबाईलच्या यादीत या आजीचं नावच नाही. पालकाचं नाव या रकान्यात बापाचं नाव, त्यापुढे बापाचा नंबर.

हल्ली सगळं व्हॉट्सॲपवर आलं. शाळेचा गट असतो, त्यात रोज संदेश पडतात: उद्या गणवेश, परवा लसीकरण, शनिवारी पालकसभा. या गटात नंबर बापांचे. आणि आमच्या वाड्यांतला बाप असतो कुठे? नालासोपाऱ्याला, विरारला, दिव्याला. मोहल्ल्यातला असेल तर कुवेत किंवा कतारला. बंदरावरचा असेल तर समुद्रात, जिथे रेंजच नाही. संदेश आधी विरारला पोचतो. बाप रात्री कामावरून सुटला की लोकलमध्ये तो वाचतो, साडेनऊला घरी फोन लावतो आणि त्याला एवढंच विचारता येतं, "काय रे, गणितात काय केलंस?" चौथीतल्या एका मुलीने मला सांगितलं होतं की त्यांच्याकडे रेंज फक्त अंगणातल्या फणसाखाली येते. ती तिथे अंधारात फोन कानाला लावून उभी राहायची, बाबा ओरडायचे, आजी पडवीतून विचारायची, काय म्हणतो? ती सांगायची, जेवलीस का विचारतायत.

बापाला कळू नये असं माझं म्हणणं नाही. मुंबईत राहून पोरांच्या शाळेकडे लक्ष ठेवणारे किती तरी बाप मी पाहिले; त्यांच्या जिवाची घालमेल खरी असते. पण सव्वादोनशे किलोमीटरवरून त्यांना रागावण्यापलीकडे फारसं काही करता येत नाही. जे करता येण्यासारखं आहे ते शेजारी बसलेल्या माणसाला. त्याला मात्र शाळा ओळखत नाही.

कायदा ओळखतो. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९, जो १ एप्रिल २०१० पासून लागू आहे, त्याच्या दुसऱ्या कलमात व्याख्या दिल्या आहेत. आईबाप म्हणजे कोण हे तिथे वेगळं सांगितलं आहे आणि पालक म्हणजे कोण हे वेगळं. मुलाचा सांभाळ आणि ताबा ज्याच्याकडे आहे तो पालक. म्हणजे माझ्या त्या मुलाची आजी कायद्याच्या भाषेतही पालकच होती. कलम २४ मध्ये शिक्षकाची कर्तव्यं आहेत. त्यात आईवडील आणि पालक यांच्या नियमित बैठका घेऊन मुलाची हजेरी, त्याची शिकण्याची क्षमता, त्याने केलेली प्रगती आणि त्याच्याबद्दलची इतर महत्त्वाची माहिती त्यांना देणं हेही एक कर्तव्य आहे. सही घेणं असा शब्द त्यात कुठेही नाही. नोकरीची निम्मी वर्षं सरल्यावर हा कायदा आला. तो वाचताना मला त्या लाल शाईची आठवण झाली होती.

कलम २१ प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य आईवडील किंवा पालक असले पाहिजेत, निम्म्या स्त्रिया, आणि दुर्बल व वंचित गटांतल्या मुलांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा. कागदावर हे प्रत्येक शाळेत जुळलेलं असतं. सभेच्या दिवशी वर्गात जाऊन पाहा. वरच्या वाडीतले दोन-तीन पुरुष पुढच्या बाकावर, बोलणारे तेच. कोळीवाड्यातल्या बायका मागे. बौद्धवाडीतली आई दाराजवळ, अर्धी आत अर्धी बाहेर, सही झाली की निघायच्या तयारीत. गावातले मानपान चप्पल काढतात तिथे बाहेर राहत नाहीत, ते आत येऊन बसतात. हे मी तीस वर्षं पाहिलं आणि बरीच वर्षं त्यावर काही केलं नाही, कारण इतिवृत्तात उपस्थिती पूर्ण दिसत होती.

आणि सभेची वेळ! सकाळी अकरा. शाळेच्या वेळेत, म्हणजे शिक्षकांच्या सोयीने. अकराला मासळीवाली कुठल्या तरी गावात दारोदार फिरत असते. काजूच्या कारखान्यात जाणारी कारखान्यात असते, आणि तिचा अर्धा दिवस बुडाला तर तेवढे पैसे कापले जातात. मार्च ते मे आंब्याचे दिवस. झाडावरून आंबा उतरवायचा, पेट्या भरायच्या, घरातलं शेंबडं पोरसुद्धा त्या कामात. जुलैत लावणी. या सगळ्या दिवसांत आम्ही अकराच्या सभा लावल्या आणि मग शेरा मारला, पालक उदासीन आहेत. हा शेरा मीही मारलेला आहे.

खरं तर किनाऱ्यावरच्या शाळेला तिचं वेळापत्रक समुद्र आधीच आखून देतो. १ जून ते ३१ जुलै पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिकी बोटींना मासेमारी बंदी असते, ६१ दिवस. बोटी किनाऱ्यावर ओढून घेतलेल्या, त्यांवर झावळ्या किंवा ताडपत्री, पुरुष जाळी दुरुस्त करत बसलेले. आणि आपली शाळा उघडते जूनच्या मध्यावर. म्हणजे वर्षातले जे दोन महिने खलाशी बाप घरात असतो, त्यातला दीड महिना शाळा चालू असते. नारळी पौर्णिमेच्या आसपास बोटी पुन्हा पाण्यात गेल्या की तो मे अखेरपर्यंत धड भेटत नाही. वर्षाची मोठी पालकसभा जून-जुलैत, संध्याकाळी, बंदरावरच घेतली तर? इतकी सरळ गोष्ट आमच्या डोक्यात आली नाही, कारण परिपत्रकातली तारीख पुण्याहून यायची आणि पुण्यात बोटी नसतात. चाकरमान्यांचंही तसंच. गणपतीला आणि शिमग्याला अख्खी मुंबई गावात उतरते. आरतीनंतर सगळा वाडा एका पडवीत बसलेला असतो. त्या रात्री शिक्षक अर्धा तास तिथे जाऊन बसले तर विरारचा बाप आणि घरची आजी दोघंही एकदम भेटतात. आपण मात्र गणपतीच्या सुट्टीला शाळेला कुलूप लावून आपापल्या गावी जातो. शिक्षकालाही घर आहे, गणपती आहे, हे मला मान्य आहे. म्हणून म्हणते की जो शिक्षक त्याच पंचक्रोशीतला आहे त्याने तरी हे करावं आणि त्याच्या बदली त्याला दुसऱ्या दिवशीची रजा मिळावी.

निरोप न पोचण्याची किंमत नेहमी वाचन-गणितातच मोजली जाते असंही नाही. पावसाळ्यात रेड अलर्ट आला की जिल्हाधिकारी शाळांना सुट्टी जाहीर करतात, कधी रात्री उशिरा, कधी पहाटे. एका जुलैमध्ये असा आदेश रात्री आला. गटावर तो तत्काळ गेला, सगळ्यांनी हाताचे अंगठे टाकले. सकाळी पाऊस कोसळत होता. पलीकडच्या वाडीतली दोन भावंडं साकवावरून, म्हणजे छोट्या पुलावरून, पऱ्याचा ओढा ओलांडून शाळेत आली, दाराला कुलूप बघून ओट्यावर बसून राहिली. मोठी सात वर्षांची, धाकटा अंगणवाडीतला. शाळेशेजारच्या घरातून मला फोन आला. मी पोचले तोवर साकवाला पाणी लागलं होतं. त्यांच्या घरचा फोन होता बापाकडे, बाप होता मुंबईला, आणि अंगठा त्याने टाकलेला होता.

त्यानंतर आम्ही एक केलं. प्रत्येक वाडीत एक माणूस ठरवला, ज्याच्याकडे निरोप दिला की तो वाडीभर होतोच. कुठे दुकानदार, कुठे अंगणवाडी मदतनीस. त्या पलीकडच्या वाडीसाठी पाववाला. सायकलवर भोंगा वाजवत तो सकाळी सहाला सगळ्या घरांसमोरून जायचा. सुट्टी असली की मी त्याला साडेपाचला फोन करायची. पाव देता देता तो सांगायचा, आज शाळा नाय. पुन्हा त्या वाडीतलं एकही मूल बंद दाराशी आलं नाही. याला ना खर्च, ना प्रशिक्षण. घराला आधीपासून ज्या आवाजाची सवय आहे, तो आवाज शोधला की पुरतं.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने आत शिरलं आणि आमच्या दापोली-मंडणगडचंही कंबरडं मोडून गेलं. घरांची कौलं, नारळी-पोफळीच्या बागा, विजेचे खांब, काही उरलं नाही. त्याच दिवसांत करोनामुळे शाळा बंद होत्या आणि "शाळा बंद, पण शिक्षण आहे" ही मोहीम राज्यभर मोबाईलवर सुरू होती. आमच्याकडे कित्येक वाड्यांत वीज यायलाच आठवडे गेले. मोबाईल चार्ज करायला माणसं तालुक्याला जात होती. मग शिक्षक चालत वाड्यांवर गेले, कारण दुसरा मार्गच नव्हता. कुणाच्या पडवीत, कुणाच्या मांगरात, देवळाच्या सभामंडपात पाच-सहा मुलं घेऊन बसले. आणि तिथे एक गोष्ट घडली जी आमच्या सभांत कधी घडली नव्हती. आज्या येऊन बसल्या. धान्य निवडता निवडता, सोडे सोलता सोलता त्या ऐकत होत्या. पोर कुठे अडखळतं ते त्यांना स्वतःच्या कानांनी कळलं. एकीने मला विचारलं, "त्याला जोडाक्षर येत नाय काय वो?" ज्या बाईला वाचता येत नाही तिने जोडाक्षर हा शब्द वापरला, कारण तो तिने तासभर समोर बसून ऐकला होता. पुढे शाळा उघडल्या, आणि आम्ही सगळे पुन्हा वर्गात जाऊन बसलो. पडवी सुटली. मला वाटतं, त्या वाईट काळात हाती लागलेली सगळ्यात मोलाची गोष्ट आपण तिथेच टाकून आलो.

लाल शाईवाल्या मुलाचं काय झालं ते सांगायला हवं. मी त्यांच्या घरी गेले. संध्याकाळची वेळ, आजी अंगणात सुकट वेचत होती. मुलगा शेजारी बसून मासळीचे वाटे लावत होता. उरलेली मासळी शेजारपाजारी विकायची होती. मी बघत राहिले. त्याने बांगडे मोजले, किती वाटे हवेत विचारलं, एकेका वाट्यात किती जातील ते तोंडाने सांगितलं आणि दोन उरले ते लहान वाट्यांवर टाकले. वर्गात भागाकाराला हात न लावणारं पोर. मी आजीला सांगितलं, "आजी, याला भागाकार येतो." ती म्हणाली, "मंग काय, येनारच. पन वाचीत नाय ना?" तिला माहीत होतं! वही वाचता येत नव्हती, पण नातू वाचत नाही हे तिच्या ध्यानात आलेलं होतं. मला तिने कधी सांगितलं नाही, कारण मी कधी विचारलं नव्हतं. त्या संध्याकाळी आमचं ठरलं: रोज जेवणाआधी त्याने एक पान मोठ्याने वाचायचं, आजीने फक्त ऐकायचं, आणि कुठे थांबला तिथे पानावर कोळशाची खूण करायची. ती खूण बघून दुसऱ्या दिवशी मला कळायचं काय घ्यायचं. वर्षअखेर तो वाचायला लागला. खूप छान नाही, पण लागला. घरातून शाळेकडे आलेला निरोप म्हणजे ती कोळशाची खूण. शाळेकडून घराकडे जाणाऱ्या निरोपांचीच आपल्याला काळजी. उलट्या दिशेने येणारा निरोप घ्यायला आपल्याकडे रकानाही नाही.

त्याऐवजी आपल्याकडे लोकसहभाग आहे. हा शब्द शाळेत आला की समजावं, पैसे मागायचे आहेत. गावाच्या मुंबई मंडळाने पंखे दिले, कुणी संगणक दिला, कुणी कमान बांधून दिली. देणाऱ्यांची नावं भिंतीवर रंगवलेली असतात. या देणग्यांवर कित्येक शाळा उभ्या आहेत, मी त्यांना नावं ठेवणार नाही. पण ज्या आईकडे द्यायला पैसे नाहीत तिने यावरून काय समजायचं? शाळेला आपल्याकडून हवं असलेलं आपल्याकडे नाही, एवढंच. पोषण आहार शिजवणारी ताई बहुतेकदा याच शाळेतल्या कुणा मुलाची आई असते. कोण ताटात भात तसाच ठेवतं, कोण दुसऱ्यांदा मागतं, कोण सोमवारी उपाशी येतं, हे तिच्याइतकं कुणालाच माहीत नाही. तिला शिक्षकांच्या चर्चेत खुर्ची मिळालेली मी पाहिलेली नाही.

आता शिक्षक म्हणतील, बाई, तुम्ही निवृत्त झालात, तुमचं ठीक आहे. आम्ही दोघं शिक्षक, पाच इयत्ता. यू-डायस, म्हणजे शाळेची सरकारी ऑनलाइन माहिती, भरा, पोषण आहाराची रोजची नोंद करा, निवडणुकीचं काम करा, मग पुन्हा घरोघर फिरा? त्यांचं म्हणणं खरं आहे. माहिती भरण्याचं काम शिक्षकाच्या खांद्यावरून उतरल्याशिवाय हे नीट होणार नाही आणि ते उतरवणं सरकारचं काम आहे. पण कोकणातल्या शाळेकडे एक गोष्ट आहे जी शहरातल्या शाळेकडे नाही. पट चौदा. म्हणजे फार तर चौदा घरं. आठवड्याला दोन घरं, शाळा सुटल्यावर अर्धा अर्धा तास, तर सात आठवड्यांत सगळी होतात. ज्या कमी पटाची आपल्याला लाज वाटायला लावली जाते, तोच इथे कामाला येतो.

म्हणूनच समूह शाळेच्या, म्हणजे आसपासच्या लहान शाळा मिळून एकच मोठी शाळा करण्याच्या, प्रश्नाकडे मी याच बाजूने बघते. सप्टेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारने वीसच्या आतल्या पटाच्या शाळांसाठी, पानशेत आणि तोरणमाळ इथल्या अशा शाळांच्या धर्तीवर, समूह शाळांचे प्रस्ताव मागवले. सुविधा वाढतील, मुलांना सवंगडी मिळतील, हे मुद्दे खोटे नाहीत. पण आठ किलोमीटरवरच्या शाळेत गाडीने जाणाऱ्या मुलाची आजी त्या शाळेत कधी जाणार? झेरॉक्स द्यायलाही जाणार नाही. आमच्या घाट्या-उतारांवर आठ किलोमीटर म्हणजे एसटीच्या दोन फेऱ्या आणि अख्खा दिवस. जवळची शाळा बंद करताना मुलाच्या प्रवासाचा खर्च धरला जातो. घर आणि शाळा यांच्यातलं येणं-जाणं तुटतं त्याची किंमत कुठल्याच हिशेबात धरलेली मला दिसली नाही. ती आधी धरा, मग निर्णय घ्या.

पिवळ्या गाडीतून इंग्रजी माध्यमाकडे जाणाऱ्या मुलांच्या आयांशी मी बोलले आहे. इंग्रजीचा ओढा आहेच. पण त्यांतल्या एकीने सांगितलं, "तिकडे डायरीत रोज काय तरी येतं बाई. कळलं नाय तरी वाटतं, बघतायत आपल्या पोराकडे." तिला ती डायरी वाचता येत नव्हती. तरी कुणी तरी आपल्या घराची दखल घेतं आहे, एवढ्यावर ती खिशाला न परवडणारी फी भरत होती. आपल्या शाळेतले शिक्षक तिच्या पोराकडे जास्त बघत होते, हे मला ठाऊक आहे. तिला कुणी सांगितलं नव्हतं.

एक सावधगिरी, जी मला चुकून शिकावी लागली. घरी गेल्यावर पहिलं वाक्य तक्रारीचं नको. एकदा मी एका बापाला दारातच सांगितलं की मुलगा लक्ष देत नाही, आणि मी पायऱ्या उतरायच्या आत आतून मारल्याचा आवाज आला. तेव्हापासून आधी त्या मुलाला काय येतं ते सांगायचं, आणि जे सांगायचं ते मुलासमोर. मूल नसताना घरच्यांशी त्याच्याबद्दल बोलणं मी सोडून दिलं.

माझी मागणी मोठी नाही. दाखल्याच्या अर्जावर बापाच्या नावाखाली एक ओळ वाढवा: संध्याकाळी मुलाजवळ कोण असतं? त्या माणसाचं नाव लिहा, त्याला वाचता येतं का ते विचारा, येत नसेल तर बोलून सांगा. आणि किनाऱ्यावरच्या शाळांनी यंदाची पहिली पालकसभा जुलैच्या पहिल्या आठवड्यात, संध्याकाळी सहाला, बंदरावरच्या देवळात लावावी. बोटी किनाऱ्यावर असतील, लिलाव थंड असेल, बाप जाळी विणत तिथेच बसलेले असतील. आज्यांना चढण चढून वर शाळेत यावं लागणार नाही. वह्या आपण खाली घेऊन जाऊ.